सहाव्या वर्षानंतर

बंगळूर शहराच्या जुन्या पेठेत दोन मुख्य रस्ते काटकोनात एकमेकांना छेदतात. दक्षिणोत्तर जाणारा दोड्डपेटे, ज्याला आता अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात, आणि पूर्व-पश्चिम जाणारा चिकपेटे. केंपेगौडाने १५३७ साली मातीच्या कोटाच्या आत ही वसाहत वसविली असे मानले जाते. तिच्या गल्ल्यांना व्यवसायांवरून नावे मिळाली : तांदळाची अक्किपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट, कुंभारांची कुंबारपेट. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हाती गेले. राजवट गेली तरी मराठी बोलणारी माणसे राहिली. शिवणकाम, रंगकाम आणि कापडाचा व्यापार करणारी नामदेव शिंपी व भावसार समाजांतील कुटुंबे बंगळुरात पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या शेजारी तमिळ, तेलुगू, उर्दू, गुजराती आणि मारवाडी बोलणाऱ्यांची घरे आहेत. २०१७ मध्ये चिकपेटच्या पोटातून भुयारी रेल्वे धावू लागली. वरच्या गल्ल्यांची रुंदी मात्र पूर्वीइतकीच राहिली.

चिकपेट हे रेशमी साड्यांच्या बाजारपेठेचे नाव म्हणून सर्वत्र ठाऊक आहे. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला या पेठेची दर्शनी बाजू दिसते. तिच्या मागे आणि तिच्यावर आणखी एक पेठ आहे. दुकानांवरचे पोटमाळे, गोदामांमागच्या खोल्या आणि जवळपासच्या वस्त्यांतील एकेका खोलीची बिऱ्हाडे यांची ती बनलेली आहे. तेथे गठ्ठे वाहणारे हमाल, शिलाई कारागीर, दुकानांतील नोकर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया राहतात. साडीच्या पदराला गोंडे बांधणे, फॉल लावणे, अगरबत्त्या वळणे अशी नगावर मजुरी मिळणारी कामे घरात येतात, आणि घरात जितके हात असतील तितके त्या कामाला लागतात. प्रस्तुत प्रकरणाचा विषय या घरांतील सहा ते चौदा वर्षे वयाची मुले हा आहे.

भारतातील बालकल्याणाच्या योजनांकडे पाहिले असता एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा विचार समग्रपणे केला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवणी, शालापूर्व शिक्षण आणि मातेला पोषण व आरोग्याचे शिक्षण, या सहाही सेवा एकाच अंगणवाडीशी जोडल्या गेल्या. अंगणवाडीच्या कामात उणिवा नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु मुलाचे शरीर, बुद्धी आणि घर या तीन वेगळ्या फायली नाहीत, हे तत्त्व त्या योजनेत मान्य झाले, आणि त्या मुलाची विचारपूस करणारी एक बाई वस्तीतच नेमली गेली.

सातव्या वर्षी हे सारे संपते. अंगणवाडीतून बाहेर पडलेले मूल शासनाच्या लेखी ‘विद्यार्थी’ होते. त्याचे शिक्षण एका खात्याकडे, डोळे आणि दात दुसऱ्या खात्याकडे, श्रम तिसऱ्या खात्याकडे जातात. या प्रत्येक खात्याने त्याच्यासाठी काही ना काही केले आहे, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु त्या सर्वांची सांगड घालणारे माणूस उरलेले नसते. जे मूल सधन घरातले असते, त्याच्या बाबतीत ती सांगड आई-वडील घालतात. चिकपेटच्या पोटमाळ्यावर राहणाऱ्या मुलाचे आई-वडील सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कामावर असतात.

असे दुर्लक्ष होण्यास एक शास्त्रीय वाटणारे कारणही मिळाले होते. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत झपाट्याने होते, म्हणून जे करावयाचे ते तेव्हाच केले पाहिजे, असा विचार गेल्या काही दशकांत फार दृढ झाला. गर्भधारणेपासूनचे पहिले एक हजार दिवस हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. त्यातील सत्य निर्विवाद आहे. पण त्याचा अर्थ ‘नंतर काही करणे व्यर्थ’ असा काढला जाऊ लागला, आणि तो अर्थ चुकीचा आहे. २०१७ मध्ये डोनाल्ड बंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या, बालक व किशोरांच्या आरोग्यावरील ग्रंथात पुढच्या सात हजार दिवसांचा मुद्दा मांडण्यात आला. पाच ते नऊ या वयात संसर्ग आणि कुपोषण अजूनही प्राण घेऊ शकतात आणि वाढ खुंटवू शकतात. त्यानंतर पौगंडावस्थेत शरीर पुन्हा वेगाने वाढते, आणि मागे पडलेली वाढ काही अंशी भरून काढण्याची संधी त्या काळात असते. पहिल्या हजार दिवसांवर केलेला खर्च टिकवावयाचा असेल, तर पुढील दिवसही सांभाळावे लागतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. रोप लावल्यावर पाणी तोडणारा मनुष्य त्याच्या ओळखीचा नसतो.

आता डोळ्यांचे उदाहरण घेऊ. चिकपेटपासून थोड्याच अंतरावर, पायी जाता येईल अशा ठिकाणी, तीन मोठी सरकारी रुग्णालये आहेत : १८९६ मध्ये स्थापन झालेले मिंटो नेत्र रुग्णालय, १९०० मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय आणि १९३५ पासून स्त्रिया व बालकांची सेवा करणारे वाणीविलास रुग्णालय. भारतातील फार थोड्या वस्त्यांना इतके सान्निध्य लाभले असेल. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरत्या आरोग्य पथकाने शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी अशी व्यवस्था आहे. म्हणजे दोष शोधणारा आहे आणि दोष दूर करणाराही आहे.

असे समजू की चौथीतील एका मुलीला फळ्यावरचे दिसत नाही. तपासणीत दृष्टिदोष आढळतो आणि तिच्या हाती एक चिठ्ठी दिली जाते. चिठ्ठी घरी जाते. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, आणि तीच आईच्या कामाची वेळ असते. एक दिवस गेला तर मजुरी जाते. पुन्हा बोलावले तर दुसरा दिवस जातो. चिठ्ठी फडताळात राहते. पुढच्या वर्षी पथक येते, तोच दोष पुन्हा नोंदले जाण्याइतका स्पष्ट असतो, आणि दुसरी चिठ्ठी मिळते. मधल्या काळात शिक्षकांनी त्या मुलीला ‘मंद’ ठरविलेले असते. मिंटो रुग्णालयातील डॉक्टरांना यात दोष देता येणार नाही, आईला तर मुळीच नाही. त्या पायी अंतरावर मुलीचा हात धरून चालणारे कोणी नव्हते, एवढेच घडले.

चष्मा मिळाल्याने काय होते, याचा अभ्यास चीनमधील गान्सू प्रांतात करण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की चष्मा दिलेल्या मुलांच्या परीक्षेतील गुणांत लक्षणीय सुधारणा झाली. पण त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. चष्मे विनामूल्य असूनही जवळजवळ एकतृतीयांश मुलांच्या बाबतीत ते नाकारले गेले. वस्तू दारापर्यंत पोचली म्हणजे काम झाले, ही समजूत योजना आखणाऱ्यांनी सोडून दिली पाहिजे. चष्मा लावल्याने डोळे अधिक बिघडतात, मुलीच्या लग्नाला अडचण येते, अशा शंका आपल्याकडेही घराघरांत आहेत. त्यांचे निरसन पत्रकाने होत नाही, ओळखीच्या माणसाने होते.

अन्नाच्या बाबतीत भारताने पुष्कळ वाटचाल केली आहे, आणि ती नमूद करणे न्याय्य ठरेल. तमिळनाडूत कामराजांच्या काळात सुरू झालेले शालेय भोजन १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी फार मोठ्या प्रमाणावर विस्तारले. केंद्र शासनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, परंतु अनेक राज्यांत तिचे स्वरूप कोरडे धान्य वाटण्यापुरतेच राहिले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कर्नाटकात २००२ पासून ‘अक्षर दासोह’ या नावाने ही योजना चालू झाली. तत्पूर्वी २००० मध्ये बंगळुरातच अक्षयपात्र संस्थेने पाच शाळांतील १,५०० मुलांपासून आपल्या कामास आरंभ केला होता. २०१३ मध्ये ‘क्षीरभाग्य’ योजनेने शाळेत दूध आणले. प्राथमिक वर्गातील मुलास दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे.

हे जेवण शाळेच्या दिवशी मिळते. सुटीच्या दिवशी काय होते, या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात मिळाले होते. मार्गारेट मॅक्मिलन यांच्या प्रयत्नांनी तेथे १८९७ मध्ये शाळेत स्नानगृहे आली होती, कारण अस्वच्छ व आजारी मुलाला शिकविणे हा पैशाचा अपव्यय आहे असे त्या ठणकावून सांगत. १९०६ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाल्यावर १९०७ मध्ये राल्फ क्रौली या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुमारे चाळीस मुलांना नियमित जेवण देऊन त्यांची वजने नोंदविली. जेवण चालू असताना वजन वाढत गेले; मध्ये सुटी आली तेव्हा ते घटले; शाळा उघडताच पुन्हा वाढू लागले. गिरणीकामगाराच्या मुलाची भूक शाळेचे वेळापत्रक पाळत नव्हती. २० एप्रिल २००४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीत माध्यान्ह भोजन चालू ठेवण्यास सांगितले. शहरातील पेठांना दुष्काळ जाहीर होत नसतो, म्हणून हा आदेश त्यांच्यापर्यंत येत नाही.

परंतु चिकपेटमध्ये सर्वांत बिकट प्रश्न वेळेचा आहे. शाळा चारच्या सुमारास सुटते आणि घर रात्री भरते. मधले चार-पाच तास कोणाचे, हा तो प्रश्न होय.

कायद्याने या तासांविषयी आपले मत दिले आहे. बंगळुरात कामगार संघटनांचे काम करताना बालकामगारांच्या स्थितीकडे वळलेल्या नंदना रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ ही संस्था उभारली, आणि १९८५ मध्ये बालश्रमासंबंधी एका विधेयकाचा मसुदा तयार केला. मुलांचे शिक्षण, आरोग्य आणि विकास यांची तरतूद कामाच्या नियमनाबरोबरच व्हावी असा त्यामागील हेतू होता. १९८६ मध्ये जो कायदा प्रत्यक्षात संमत झाला, त्याने काही घातक व्यवसायांत बंदी घातली आणि इतरत्र नियमन केले. विकासाचा भाग मागे राहिला. २००९ मध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी २०१६ मध्ये बालश्रमाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामास ठेवणे निषिद्ध ठरले. मात्र एक अपवाद राहिला : घातक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मूल शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करू शकते.

हा अपवाद शेतकऱ्याच्या किंवा कुंभाराच्या घरासाठी समजण्याजोगा आहे. आईबरोबर काम करता करता मूल पुष्कळ शिकते, आणि चिकपेटमधील मूलही शिकते. दहा वर्षांचा मुलगा बोटांनी चाचपून सूत आणि रेशीम यांतील फरक सांगतो, तीन भाषांत भाव सांगतो, आणि तोंडी हिशेबात पाठ्यपुस्तकाच्या पुढे असतो. ही कौशल्ये शाळेने ओळखू नयेत, ही शाळेची उणीव आहे. तथापि पदराचे गोंडे बांधण्याचे काम जेव्हा ठोक व्यापाऱ्याकडून दलालामार्फत घरी येते आणि सकाळपर्यंत परत द्यावयाचे असते, तेव्हा त्याला कौटुंबिक व्यवसाय म्हणणे शब्दच्छल होईल. तेथे शाळेनंतरचा वेळ म्हणजे कामाची दुसरी पाळी असते. या साखळीचे दुसरे टोक रामनगर आणि मागडीकडे जाते. तेथील रेशमाच्या धाग्यावर राबणाऱ्या, कर्जापोटी बांधल्या गेलेल्या मुलांची स्थिती ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २००३ च्या अहवालाने जगापुढे मांडली होती. त्या धाग्याची साडी शेवटी पेठेतच येते.

या ठिकाणी मुलांचे स्वतःचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. १९९० मध्ये कर्नाटकातील काम करणाऱ्या मुलांनी ‘भीम संघ’ ही आपली संघटना स्थापन केली. सरसकट बंदीने आपण अधिक अंधाऱ्या ठिकाणी ढकलले जातो, असे तिच्या सदस्यांनी सांगितले. बंदीच्या समर्थकांना हे रुचले नाही. परंतु या म्हणण्यातून एक गोष्ट स्वच्छ निघते : मुलाकडून काम काढून घेतल्यावर त्या वेळात त्याला काय मिळणार, हे आधी ठरविले पाहिजे.

काय देता येईल याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. मुंबई व वडोदरा येथे ‘प्रथम’ संस्थेने महानगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतीलच, शालेय शिक्षण पुरे केलेल्या या तरुण मुली तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्टपणे नोंदली गेली. बालसखीला मोठी पदवी नव्हती. मूल ज्या पायरीवर आहे तेथून आरंभ करण्याची मुभा तिला होती, आणि तिला ते मूल व त्याचे घर ठाऊक होते. चिकपेटसारख्या बहुभाषी वस्तीत ही मुभा फार मोलाची ठरते. घरी मराठी किंवा उर्दू, गल्लीत तमिळ, दुकानात हिंदी आणि शाळेत कन्नड वा इंग्रजी अशी ज्याची दिनचर्या आहे, त्या मुलाला भाषा येत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. त्याला फक्त पुस्तकाची भाषा कोणी उलगडून दिलेली नसते. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या ‘नलि-कलि’ पद्धतीने प्रत्येक मुलास आपल्या गतीने पायऱ्या चढू देण्याचे तत्त्व सरकारी शाळेत आणले होते. तेव्हा हे तत्त्व या राज्याला परके नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्याचे महत्त्व सामान्यतः बालवाडीपुरते सांगितले जाते. वस्तुतः त्यांच्या कामाचा दुसरा पैलू या प्रकरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. गुरे राखणारी मोठी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरत, तिथे शिक्षक गेला. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली अडतात असे दिसताच बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. मुलाच्या कामाचे वेळापत्रक समोर ठेवून शाळेची रचना बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पेठेत कुरणे नाहीत, पण गोंड्यांचे ढीग आहेत, आणि धाकटे भावंड कडेवर असलेली मुलगी येथेही आहे.

पेठेला म्हणून प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे एक खोली हवी, जी दुपारी चारला उघडेल आणि आठला बंद होईल. तेथे काहीतरी पोटभरीचे खाणे असावे, बसून वाचण्यापुरता उजेड असावा, आणि खेळण्यास मोकळीक असावी. खेळाचा उल्लेख शेवटी केला जातो आणि खर्चाच्या यादीतून तोच आधी खोडला जातो, म्हणून येथे त्याविषयी आग्रहाने सांगावयास हवे : ज्या मुलाच्या दिवसात खेळ नाही, त्याच्या दिवसात नियम मान्य करणे, हरणे आणि पुन्हा डाव मांडणे यांचा सराव नाही. याच शहरात आर. कल्याणम्मा यांनी १९३८ मध्ये ‘मक्कळ कूट’ स्थापन केला, तेव्हा मुलांना एकत्र जमण्यासाठी त्यांची म्हणून जागा हवी, ही कल्पना येथील मध्यमवर्गाने मनापासून स्वीकारली होती. खोलीत एक जबाबदार स्त्री वा पुरुष हवा, ज्याच्याकडे प्रत्येक मुलाची वही असेल. त्या वहीत मिंटो रुग्णालयाची तारीख, जंतांच्या गोळीची नोंद, शाळेतील गैरहजेरी आणि घरी आलेल्या कामाची माहिती एकत्र असेल, आणि रुग्णालयात त्या चार मुलांना घेऊन जाणे हा त्याच्या कामाचाच भाग समजला जाईल.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो. इमारतींपुरता तरी तो टिकत नाही, कारण सरकारी शाळांच्या खोल्या संध्याकाळी कुलपात असतात. खर्च मुख्यतः माणसाचा आहे. अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा इतिहास पाहता, तो खर्च मानाने केला जाईल की नाही, ही शंका मात्र खरी आहे. अल्प पैशांत राबवून घेतलेल्या बाईच्या भरवशावर मुलांचा विकास सोपविणे हे त्या बाईवर आणि मुलांवर सारखेच अन्यायाचे होईल. दुसरा आक्षेप असा की, अशाने आई-वडील बेफिकीर होतील. चौदा तास राबणाऱ्या हमालाला बेफिकिरीची चैन परवडत नाही. आपले मूल संध्याकाळी कोठे आहे हे त्याला कळले, तर त्याची काळजी कमी होईल, माया कमी होणार नाही.

वस्तीत जाऊन शिकविणे अशक्य आहे, हा तिसरा आक्षेप २०२० मध्ये निकालात निघाला. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्यावर कर्नाटकाच्या शिक्षकांनी ‘विद्यागम’ या उपक्रमाखाली देवळांच्या ओवऱ्यांत, समाजमंदिरांत आणि झाडांखाली मुलांचे लहान गट बसविले. ऑक्टोबरमध्ये साथीच्या भयाने तो थांबवावा लागला, आणि शाळा उघडल्यावर तो विचारच मिटून गेला. त्याच वर्षी राज्याने ग्रामपंचायतींची ग्रंथालये मुलांसाठी विनाशुल्क खुली केली, आणि गावोगावी मुले तेथे येऊ लागली. चिकपेट ग्रामपंचायतीत येत नाही.

अशी खोली उघडावयाची झाल्यास तिचा आरंभ जूनमध्ये न करता एप्रिलमध्ये करावा. कर्नाटकातील शाळांना एप्रिलच्या मध्यापूर्वी उन्हाळी सुटी लागते व ती मे अखेरपर्यंत चालते. शाळेची चूल आणि दूध त्या काळात बंद असतात. हेच लग्नसराईचे दिवस असल्याने पेठेत साड्यांची विक्री जोरात चालते, आणि गोंड्यांच्या कामाचे गठ्ठे रोज संध्याकाळी घरोघर पोचविले जातात.